हात सुटू न देणारी चाल

आमचा मामा एरवी सुतार, पण शनिवारची संध्याकाळ झाली की अकॉर्डियनवाला. गल्लीच्या टोकाच्या सभागृहात सगळे गोल नाचायला जमत. कुठली चाल कधी वाजवायची, ते मामा नाचणाऱ्यांच्या पायांवरून ठरवी. "चेहऱ्यावर हसू चिकटवता येतं रे, पाय खोटं बोलत नाहीत." एकदा भांडून आलेल्या जोडप्याला त्यानं अशी लाडिक चाल ऐकवली, की बाई म्हणाली, "भावजी, रोज घरी येऊन वाजवा की!" असो. किस्से रांग लावून उभे आहेत, आज एकच सांगतो.

मामाला दोन मुलं. सुतारखान्यात करवतीचं यंत्र आणायचं की नाही, यावरून दोघांत अबोला. एकाच टेबलाशी जेवायचे, पण "आई, त्याला सांग मीठ दे." मामी करवादे, "मी काय पोस्टमन आहे?" पुढं वाटणीची भाषा सुरू झाली, तसं मामाचं जेवणावरचं मनच उडालं. घर फुटतंय हे त्याला दिसत होतं आणि हातात काही नव्हतं.

त्या शनिवारी दोघंही नाचायला आले. धाकटा आतल्या गोलात, थोरला बाहेरच्या. दोन्ही गोल उलट दिशांनी फिरायचे, आणि कडवं संपताना समोर येईल त्याचे हात धरून गिरक्या घ्यायच्या. जोरकस चालीनं मनं मोकळी होतील, या आशेनं मामानं उडती चाल धरली. तिथंच चुकला! दोघांचे पाय फळीवर हातोड्यासारखे पडू लागले. दर कडव्याला दोघं जवळ येत होते. थोरल्याच्या मानेची शीर ताठली होती.

मी शेजारी डफ घेऊन बसलो होतो. मामा ओठ न हलवता म्हणाला, "हळू घे. पण थांबू नकोस. थांबलास की हात सुटतील, आणि सुटलेल्या हातांच्या मुठी होतात."

उतारावरची भरली गाडी रोखत आणावी, तशी आम्ही लय उतरवत आणली. आणि दोघं समोरासमोर आले.

थोरल्यानं धाकट्याची मनगटं धरली, का आवळली, कळेना. धाकट्याचा जबडा घट्ट. गिरकी संपत आली, आता पुढचं कडवं. पण मामानं पुढचं कडवं दिलंच नाही. शेवटचीच ओळ परत. पुन्हा परत. ज्याच्या हाती जो सापडला, तो तिथंच अडकला!

"जावईबापू, अजून किती?" गल्लीतल्या वाण्याची सासू त्याच्याच हातात अडकून धापा टाकत ओरडली.

"मामांना विचारा, मला काय विचारता!" वाणी गिरकी घेता घेता म्हणाला.

मामाच्या कपाळावरून घाम अकॉर्डियनच्या भात्यावर ठिबकत होता. डोळे मात्र पोरांच्या पायांवर. हातोडे हळूहळू बोथट झाले. मग एकाचं पाऊल चुकलं, दुसऱ्यानं सावरलं.

"बाबा, पुरे की!" थोरला कळवळला. "पाय गेले!"

मामाला ऐकूच गेलं नाही. म्हणजे, गेलं, पण तो वाजवत राहिला.

तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, ते असे नाही ऐकायचे. दोघं मिळून ओरडू."

धाकट्याच्या तोंडचं ते 'दादा' ऐकलं आणि मामानं भाता मिटला. बोटं इतकी आखडली होती, की खांद्यावरचे पट्टे मलाच सोडवावे लागले. मागच्या बाकावर मामीनं पदरानं डोळे पुसले आणि ठणकावून म्हणाली, "चला, सुटले बाई त्या पोस्टमनच्या नोकरीतून!"