मशीनमागची खुर्ची

आमच्या खालच्या मजल्यावर दोघी जावा राहत. सगळी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणे. दोघींचे नवरे गेल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या खोलीत मशीनवर गोधड्या शिवायला घेतल्या. मशीन धाकटीचं, तिच्या माहेरून आलेलं. थोरलीकडे ना मशीन, ना मूलबाळ. होते ते दोन हात.

गोधडीला तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. मशीनचे दाते अस्तराला पुढे नेतात आणि वरचा दाबाचा पाय वरच्या कापडाला अडवतो. खालचं पळतं, वरचं रेंगाळतं आणि काठाशी पोचेपर्यंत चुण्या पडतात. यावर या दोघींचा उपाय साधा होता. धाकटी समोर बसून कापड ताणून धरी, थोरली मशीनमागे उभी राहून तेवढ्याच ताणाने ओढून घेई. जास्त ओढलं तर सुई मोडते, कमी ओढलं तर चुणी येते. थोरलीच्या हातून सुई मोडलेली मी कधी पाहिली नाही. तिचं तोंड थांबलेलंही पाहिलं नाही.

"अगं हळू घे जरा. मला काय मोटर बसवली आहे?"

"जिभेला बसवली आहे की, जाऊबाई," धाकटी मान वर न करता म्हणे.

अशी बरीच वर्षं गेली. मग धाकटीची लेक नोकरीला लागली आणि घरी येताना आईच्या मशीनसाठी वॉकिंग फूट नावाचा नवा दाबाचा पाय घेऊन आली. नेहमीच्या पायाहून जाडजूड, बाजूला एक काटा, तो सुईच्या स्क्रूवर बसवायचा. त्यालाही दाते असतात, त्यामुळे वरचं कापड खालच्याच्या जोडीने सरकतं. थोरलीने त्याचं नाव 'चालता पाय' ठेवलं. लहान मुलांच्या दोन दुपट्यांवर त्यांनी तो लावून पाहिला. एक चुणी पडली नाही.

"मोठी आई, आता तू उभं राहायचं नाहीस. आरामात बस," लेक म्हणाली.

थोरली बसली, पण तिला आराम सोसेना. दोन दिवसांनी जिना चढून माझ्याकडे आली.

"घरात सवत आली हो माझ्या. खायला मागत नाही, उलट बोलत नाही. तिला कोण नको म्हणेल?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "भाऊ कधीपासून बोलावतोय. जाऊन राहते म्हणते."

"परत कधी येणार?"

"परत यायला काम तर हवं ना. फुकटचा घास गिळवत नाही मला."

"धाकटीला बोललात?"

"तिने राहा म्हणावं की. तिला तोंड नाही?"

मी धाकटीला विचारलं. ती सुईत दोरा ओवत होती. "उभं राहून राहून त्यांचे पाय सुजतात. मीच लेकीला म्हटलं, काहीतरी शोध. आता त्यांना भावाकडे सुख वाटत असेल, तर मी कोण अडवणार?"

"मग हे त्यांना सांगा."

"सांगितलं तर म्हणतील, मला म्हातारी म्हणतेस."

थोरली निघायची होती त्या दिवशी मशीनवर माझीच गोधडी होती. मुलाच्या डबल पलंगाची, त्या घरात आजवर शिवली गेलेली सगळ्यांत मोठी. दोऱ्याचा रंग पाहायला मी खाली गेले. थोरलीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. भाचा न्यायला येणार होता.

पहिल्या ओळी सुरेख आल्या. मग निम्मी गोधडी मशीनमागे जमिनीकडे लोंबू लागली आणि तिच्या वजनाने शिवण एका अंगाला खेचली गेली. टाका कुठे लांब, कुठे आखूड. धाकटीने ओळ उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

थोरली दारातून पाहत होती. "चुणी तर एकही नाही."

"नाही."

"मग उसवतेस कशाला?"

"वजन ओढतंय. धरायला कोण आहे?"

"पाय आणलास ना एवढा."

"पायाला हात असतात का, जाऊबाई?"

थोरली चपला काढून आत आली आणि लोंबणारी गोधडी तिने दोन्ही हातांवर उचलून घेतली. ओळ दोरीसारखी सरळ गेली. तीन-चार ओळी झाल्यावर धाकटीने मशीन थांबवलं, स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि मशीनमागे ठेवली.

"आता ओढायचं नाही, नुसतं धरायचं. ते बसून होतं."

"बसून काम? म्हातारी समजलीस मला?"

"पाय बघा आपले."

थोरलीने खाली पाहिलं. घोट्यांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते. ती बसली, गोधडी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चल, चालव. आणि हळू."

भाचा आला तेव्हा ती खुर्चीतून उठली नाही. "चहा घे नि जा बाबा. माझ्या भावाला सांग, हिचं मोठं काम अडलंय."

"मग कधी येऊ न्यायला?"

"ते या बाईंना विचार. एवढा मोठा पलंग त्यांच्या मुलाला कशाला लागतो, कोण जाणे."

चहा झाल्यावर तिने भाच्याकडून पिशवी मागून घेतली, त्यातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली.