‘आमचा वर्ग’ उभा करणाऱ्या येवले बाई

कार्ल्याच्या डोंगराखालच्या आमच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मला सर्वांत आधी भेटल्या त्या कुसुमताई येवले. संगणक कक्षाच्या बंद दारापाशी त्या किल्लीची वाट पाहत उभ्या होत्या. आत कापडी झाकणांखाली संगणक होते आणि ते फारसे कुणी उघडत नसे. मी नाव सांगितले. बाईंनी माझे स्वागत केले आणि लगेच विचारले, “सर, तुम्हाला यातलं काही येतं का?”

“थोडंफार येतं,” मी म्हणालो.

“मग उद्यापासून मधल्या सुट्टीत माझी शिकवणी घ्या. मला माझ्या वर्गासाठी एक वेबसाइट करायची आहे.”

बाईंनी तेव्हा पन्नाशी गाठली होती. भूगोल शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता, पण मराठी टंकलेखन त्या एका बोटाने करत. अक्षर सापडले नाही की स्वतःशीच पुटपुटत, “ळ कुठे लपला आता?” मधल्या सुट्टीतल्या त्या शिकवणीत त्यांचा डबा अर्धा माझ्याच पोटात जाई. मेथीची भाजी आणि इंद्रायणीचा मऊ भात आठवला की आजही मला तो कोंदट कक्ष आठवतो.

वेबसाइट कशासाठी, हे त्यांच्या मनात पक्के होते. पठारावरच्या वाड्यांतली मुले आमच्याकडे शिकायला येत. ओढ्यांना पाणी आले की ती घरीच अडकत, लावणीच्या दिवसांत शेतात अडकत. परत आली की मागे पडलेली असत आणि विचारायला संकोचत. या मुलांना घरबसल्या वर्ग दिसला पाहिजे, एवढीच बाईंची इच्छा होती.

पहिली वेबसाइट मी मोठ्या हौसेने तयार केली. निळी पार्श्वभूमी, सरकणारी अक्षरे, शाळेच्या इमारतीचे भलेमोठे छायाचित्र. बाईंनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, “छान आहे. रविवारी वाडीवर जाऊन उघडून बघू.” आम्ही चढून गेलो. तिथले बबनभाऊ नावाचे गृहस्थ खंडाळ्याच्या एका हॉटेलची गाडी चालवत. वाडीत धड चालणारा फोन त्यांच्याकडेच होता. ते फोन घेऊन खडकावर उभे राहिले. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले, पान काही उघडेना.

“सर, रेंज हितं अशीच,” बबनभाऊ म्हणाले. “जड काय असलं की उघडत न्हाई.”

उतरताना बाई म्हणाल्या, “आपण सगळं पुसून पुन्हा लिहू. आणि या वेळी मुलांना विचारून.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर फोनच्या आकाराचा एक चौकोन काढला आणि नववीच्या मुलांना विचारले, “उघडल्यावर तुम्हाला इथे सगळ्यात वर काय हवं?” तासभर वाद झाला. शेवटी ठरले ते असे : वर ‘आज काय शिकवलं’, त्याखाली ‘ऐका’, त्याखाली ‘गृहपाठ’. चित्रे मोजकी आणि हलकी, अक्षरे मोठी. ‘आमचा वर्ग’ हे नावही मुलांनीच दिले. तशी लिहिलेली नवी वेबसाइट बबनभाऊंच्या फोनवर चटकन उघडली. मुख्याध्यापकांनी ती पाहून विचारले, “स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांचे फोटो कुठे आहेत?” बाई नम्रपणे म्हणाल्या, “पाहुणे घरी गेले, सर. मुलं मात्र रोज येणार आहेत.” मुख्याध्यापक हसले आणि तो विषय तिथेच मिटला.

‘ऐका’ या सदरात मुलांनीच शिकलेला भाग आपल्या आवाजात सांगायचा असे. छाया नावाची वाडीवरची एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. बाईंनी तिला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसवले, फोन हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन थांबल्या. छायाने सांगितले, “ढग डोंगराला अडतंय, म्हून आमच्याकडं लय पाऊस. तळेगावच्या पल्याड गेलं की कमी.” हे प्रमाण भाषेत पुन्हा बोलून घ्यावे, असे मी सुचवले. बाई म्हणाल्या, “तिच्या आईला समजू दे की. परीक्षेत ती नीट लिहील, ते माझ्याकडे लागलं.”

दिवाळीनंतर छाया शाळेत आली नाही. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर लहान मुले सांभाळायला तिला पाठवायचे घरात ठरले होते. बाई दोनदा वाडीवर गेल्या, पण तिच्या आईने, हिराबाईंनी, मान खाली घालून तेच सांगितले, “बाई, शिकून तरी काय हुणार?” दुसऱ्या खेपेला मीही सोबत होतो. बाईंना इतके हताश झालेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात बबनभाऊंनी हिराबाईंना वेबसाइटवरचा छायाचा आवाज ऐकवला. हिराबाई लेकीला घेऊन थेट शाळेत आल्या आणि शिक्षक खोलीच्या उंबऱ्यावर थांबल्या.

“बाई, त्या फोनात बोलती ती आमची छायाच का?”

“हो, छायाच.”

“घरात हिच्या तोंडातनं सबूद निघत न्हाई. मला वाटलं, हिला कायच येत न्हाई.” त्यांनी लेकीला पुढे केले. “बंगल्यावर न्हाई धाडत आता. दहावी हुंद्या.”

बाईंनी मान डोलावली आणि छायाला वर्गात नेऊन बसवले. छाया दहावी झाली, पुढेही शिकली. आज ती तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासण्याचे काम करते.

बाईंच्या मायेचा अनुभव मीही घेतला आहे. पत्नीच्या आजारपणात मी रुग्णालयात अडकलो होतो, तेव्हा माझे तास बाईंनी घेतले. गणित त्यांचा विषय नव्हता. आदल्या दिवशी फोनवरून माझ्याकडून धडा समजून घेत आणि शेवटी हळूच विचारत, “जेवलात का?”

बाई सेवानिवृत्त झाल्या तेव्हा मुलांना वेबसाइटवर त्यांच्यावर एक पान करायचे होते. बाईंनी ते करू दिले नाही. त्याऐवजी ‘बाईंना विचारा’ असे पान सुरू करायला लावले. मुले अडलेले लिहितात आणि बाई लोणावळ्याच्या घरातून ध्वनिमुद्रित उत्तर पाठवतात. परवा पाचवीच्या एका मुलीने लिहिले, “धुकं कुठं जातं?” बाईंचे उत्तर आले. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. शेवटी बाई म्हणाल्या, “उद्या सकाळी लवकर ऊठ आणि बघ. मग मला सांग.”

साठाव्या वर्षी बाईंना आम्हा सर्वांचे प्रणाम. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, नजर आणि आवाज शाबूत राहोत. आमच्या शाळेतली मुले विचारायची थांबणार नाहीत. बाईंनी त्यांना उत्तर द्यायला शंभर वर्षे असावे.