चिंचेच्या बोन्सायमधला चमचा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. या फोरमवरचे इतरांचे अनुभव मी आवडीने वाचते, पण कुणी विषय काढला तर हसण्यावारी नेते. त्यामुळे स्वतःचं काही लिहायला इतकी वर्षं गेली...

दोन हजार साल उलटून थोडेच महिने झाले होते. आमच्या वर्ध्याकडची निम्मी मुलं आयटीसाठी पुण्यात आली होती. मी इंजिनियर नव्हते, ग्राफिक्सचा कोर्स केला होता. नारायण पेठेत एका बाइंडिंगच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं ऑफिस होतं. तिथे मला नोकरी लागली. माणसं दोनच — मी आणि सर. सर बहुतेक वेळ प्रेसमध्ये असायचे. राहायला पेइंग गेस्ट होते, पण खोलीतल्या तिघींच्या तीन शिफ्टा. सुरुवातीला मी बोलायचा प्रयत्न करायचे, पण "काय करून राहिली?" असं तोंडातून गेलं की समोरचा हसायचा. मग मी बोलणंच कमी केलं. रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचे तेव्हा लक्षात यायचं, की शनिवार दुपारपासून आपला आवाज आपणच ऐकलेला नाही.

दिवाळीच्या आधी मार्केट यार्डातल्या एका बी-बियाणांच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर आलं. बारा महिन्यांना बारा झाडं. डिसेंबरला बोन्साय. सर म्हणाले, "कुंडीतलं छोटं झाड काढा. जास्त डोकं लावू नका." आणि प्रेसमध्ये निघून गेले.

मी बोन्साय प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नव्हतं. ऑफिसात इंटरनेट होतं, पण ते लावायचं तर फोन अडकायचा, म्हणून परवानगी नव्हती. मी माउस हातात घेतला आणि सुरुवात केली. एरवी मी दर दोन मिनिटांनी काढलेलं पुसते. त्या दुपारी एकदाही पुसलं नाही. खोड उजवीकडे कललेलं, बुंध्याशी पोकळ. एका फांदीला तांब्याची तार. कुंडी चौकोनी, तपकिरी, एक कोपरा उडालेला. झाड चिंचेचं — का ते विचारू नका. ती बारीक बारीक पानं कोण काढणार! पण मी काढली. आणि शेवटी मातीत खोचलेला एक स्टीलचा चमचा काढला, दांडा काटकोनात वाकलेला.

सर आले, स्क्रीनकडे बघितलं. "झाड ठीक आहे. पण हे चहाचं कॅलेंडर नाही. तो चमचा उडवा."

तो उडवायला माझा जीव झाला नाही. तो चित्राच्या वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर होता, तो लेयर फक्त लपवला. कॅलेंडर चमच्याशिवाय छापलं गेलं.

जानेवारीत एका दुपारी एक आजोबा जिना चढून आले. सत्तरीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, हातात गुंडाळलेलं कॅलेंडर. खाली कोपऱ्यात आमच्या ऑफिसचा पत्ता छापलेला असतो, त्यावरून आले होते. त्यांनी डिसेंबरचं पान टेबलावर उघडलं आणि हे कोणी काढलं, असं विचारलं. मी म्हणाले, मी.

"आमचं झाड तुम्ही कुठे पाहिलंत?"

मला वाटलं, भांडायला आले आहेत. मी सांगितलं की मनाने काढलंय, मी पुण्यात येऊन आठच महिने झालेत. ते म्हणाले, झाड जाऊन दोन वर्षं झाली. ते सदाशिव पेठेत त्यांच्या मागच्या गॅलरीत असायचं, रस्त्यावरून दिसायचं नाही. फोटो कधी काढलेला नाही. मी म्हटलं, काका, चिंचेची झाडं थोडीफार सारखीच दिसत असतील. त्यांनी मान हलवली. कुंडीच्या उडालेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त चमचा राहिला."

मी फाइल उघडली आणि तो लपवलेला लेयर चालू केला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खुर्ची ओढून बसले. "दांडा मीच वाकवला होता," म्हणाले. "श्रीखंडाचा डबा उघडताना. तेव्हापासून ती त्याने माती उकरायची."

ती म्हणजे त्यांची बायको. चिंचोक्यापासून एकोणीस वर्षं तिने ते झाड वाढवलं होतं. मग ती आजारी पडली, तीन आठवडे हॉस्पिटलात होती. रोज विचारायची, झाडाला पाणी घातलंत का? हे रोज सांगायचे, घातलं. प्रत्यक्षात धावपळीत ते गॅलरीत गेलेच नव्हते. आठवण झाली तेव्हा सगळी पानं गळून गेली होती. ती घरी परत आली नाही. कुंडी त्यांनीच कचऱ्यात नेऊन ठेवली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, अमेरिकेतल्या मुलालासुद्धा नाही.

ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. "यात पानं आहेत," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे काढताना तुम्हाला... काही जाणवलं का? राग वगैरे?"

मी म्हणाले, "नाही काका. काहीच नाही."

"बरोबर. कसं जाणवेल."

मी त्यांना चमच्यासकट रंगीत प्रिंट काढून दिली. ती नीट गुंडाळून, जिन्याचा कठडा धरत ते उतरले. नाव-पत्ता विचारायचं राहूनच गेलं. नंतर दोन-तीन रविवार मी सदाशिव पेठेत उगाच फिरले, पण मागच्या गॅलऱ्या रस्त्यावरून दिसत नाहीत, ते त्यांनी सांगितलंच होतं. सरांना विचारलं, चमच्याचं कुणाजवळ बोललात का? ते म्हणाले, "मला दुसरी कामं आहेत."

योगायोग म्हणा. मी स्वतःलाही तेच सांगून पाहिलंय, पण पटत नाही. दुसरं काही सुचतही नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली. ते झाड काढताना मला राग जाणवला नव्हता, हे खरं. पण काहीच जाणवलं नाही, हे खरं नव्हतं. त्या तीन तासांत, पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच, मला एकटं वाटलं नव्हतं. शेजारी कुणीतरी स्वस्थ बसलंय आणि त्याला कसलीच घाई नाही, असं काहीसं... एका परक्या माणसाला हे सांगायचं, तर आपण किती एकटे आहोत तेही सांगावं लागलं असतं. त्याचीच मला लाज वाटली.

तेवढं त्यांना सांगायला हवं होतं.