पोर रडली की पेटणारा दिवा

मी पयल्यापासून भित्री. मिक्सर लावायचा तरी आदी पायात चप्पल घालते. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं मी घरात बसून विजेचं कायतरी बनवीन असं कोणी बोललं असतं तर मला हसूच आलं असतं. पण बनवला. दिवा बनवला, पोर रडली की पेटणारा, सासूसाठी.

आमी पनवेलजवळ कोन गावात ऱ्हातो, दुसऱ्या मजल्यावर. नवरा, मी, पोरगी आणि सासू. सासूला मी आईच बोलते. आईंनी जवानीत खडीच्या क्रशरवर काम केलं, त्या धडधडीत त्यांचे कान गेले. अगदी तोंडाजवळ जाऊन ओरडलं तर ऐकतात. कानाचं मशीन आणलेलं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून डबीत पडून हाय. पोरगी दहा महिन्यांची झाली आणि मला नवीन पनवेलला पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटायचं काम मिळत होतं, सकाळी आठ ते एक. मला जायचं होतं, लय जायचं होतं. पण पोर आईंजवळ ठेवायची आणि ती आतल्या खोलीत उठून रडायला लागली तर आईंना कळणारच नाय. पलंगावरून पडली तर, तोंडावर गोधडी आली तर, असलं कायकाय डोक्यात यायचं आणि मी केंद्रवाल्या ताईंना सांगायची, पुढच्या सोमवारी येते. असे तीन सोमवार गेले.

नवरा जासईला कंटेनर यार्डात थंड कंटेनरची मशिनं दुरुस्त करतो. त्यानं डोकं चालवलं. बारका माईक, चार-पाच पार्ट आणि एक लाल दिवा. आवाज झाला की दिवा पेटणार. असलं तयार मिळतं, पण ते बाहेरच्या देशातून येतं, आपल्याला परवडणारं नाय. त्यानं सुट्ट्या वायरी जोडून बनवला तर झाडू लागला की वायर निघायची. असल्या दिव्यावर मी पोर कशी सोडू? मंग तो बोलला, सर्किटची पक्की पाटी बनवायची, सुट्ट्या वायरी नकोतच. त्याची ड्युटी दिवसभर, म्हणून पाटी माझ्या गळ्यात.

आईंना हे कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबवला नाय, माझ्याकडं बघितलं पण नाय.

"कान गेलं माजं, डोलं नाय गेलं गो. तीन पोरां वाढवली मी."

खरंच होतं ते, आणि माझी भीती पण खरी होती.

पाटी बनवतात ती अशी. एका पातळ पाटीवर तांब्याचा पत्रा चिकटवलेला असतो, तो घासून लख्ख करायचा. झेरॉक्सवाल्याकडून गुळगुळीत कागदावर काळ्या रेघा छापून आणायच्या, कागद पालथा ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. मंग पाण्यात भिजवून कागद बोटानं चोळून काढायचा, रेघा तांब्यावर बसतात. पयल्या वेळी माझा हात सरकला आणि रेघा फिसकटल्या. दुसऱ्यांदा श्वास रोखून दाबली, एकदम मस्त बसल्या. त्यानंतर पाटी फेरिक नावाच्या केमिकलच्या तपकिरी पाण्यात टाकून हलवत ऱ्हायची. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं, रेघांखालचं तेवढं ऱ्हातं, त्याच मंग वायरी. नवऱ्यानं सकाळी बजावलं होतं, हातमोजे घाल, खिडकी उघड, प्लॅस्टिकचा टब घे, पाणी कोमट असलं की लवकर होतं.

ते लवकर होतं तेवढं माझ्या डोक्यात ऱ्हायलं. पोर उठायच्या आत उरकायचं होतं ना. प्लॅस्टिक गॅसवर कसं ठेवणार, म्हणून मी ते पाणी माझ्या आईनं दिलेल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या टोपात ओतलं. गॅस अजून पेटवलाच नव्हता आणि टोप उकळायला लागला. आपोआप. फसफस वर आलं, वाफ आली, घशात जळजळ, टोपाचा कान धरला तर मोज्यातून चटका. मी नुसती उभी. पोर आत झोपलीय हे कळत होतं, पण पाय हलत नव्हते.

आई बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना फसफस ऐकू येणार नव्हतीच. वास आला. मी बघितलं तेव्हा पोर त्यांच्या कडेवर होती. त्यांनी आदी तिला उचललं, मंग माझा दंड धरून मला जिन्यात ओढलं आणि दार लावून घेतलं. पोर झोपेतच होती. मी रडायला लागली तशी आईंनी पदरानं माझं तोंड पुसलं.

"टोप गेला तुझ्या आयशीचा," त्या बोलल्या. "तिला मी सांगीन, मी फोडला."

टोपाला खरंच भोक पडलं होतं. संध्याकाळी नवऱ्यानं ओट्यावर सोडा टाकून सगळं पुसलं. मला वाटलं ओरडेल, तर तो स्वतःलाच शिव्या घालत होता, जर्मन चालत नाय हे सांगायला विसरला म्हणून. मी बोलली, दिवा ऱ्हाऊदे, मी सोमवारपासून जाते, आई हायत. मला खरंच तसं वाटत होतं.

पण आता आईच ऐकेनात. एवढा टोप गेला, आता दिवा पायजेच. दुसरी पाटी आमी गॅलरीत केली, प्लॅस्टिकच्या टबात. टब आईंनी हलवला, मोजे घालून, अर्धा तास, आणि बोलल्या, एवढं तर मी माझ्या पोरांना झोळीत पण नाय हलवलं. नवऱ्यानं रविवारी भोकं पाडून पार्ट बसवले. माईक पलंगापाशी, दिवा बाहेरच्या खोलीत आईंच्या समोर. कुकरची शिट्टी झाली तरी पेटतो, खाली मासळी विकणारी मावरंवाली ओरडली तरी पेटतो. आई दरवेळी उठून बघायला जातात, कोण आलं. इतकी वर्षं त्यांना मावरंवाली आलेली कळायचीच नाय, टोपली उचलून गेली की कळायचं.

सोमवारी मी निघाली. खाली उतरली आणि गॅलरीखालीच थांबली. वर पोर रडली. मी वीसपर्यंत मोजायचं ठरवलं, सातपर्यंत गेली तर रडणं थांबलं. तरी मी उभीच. मंग आई पोरीला घेऊन गॅलरीत आल्या आणि त्यांना मी दिसली. बहिरी माणसं किती मोठ्यानं बोलतात, सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं.

"अजून हितंच काय गो तू? चपात्या कोण लाटंल?"

समोरच्या खिडकीतली बाई हसली. मी मान खाली घातली आणि नाक्याकडं पळत सुटली.