पाव्हण्यांची भाकड गाय

माझ्या सासूबाई झुंबरबाई म्हणजे सोनईजवळच्या आमच्या गोठ्याच्या हेडमास्तर. गाई सहा. एखादीच्या दुधात रक्ताची रेघ दिसली की लगेच गुरांच्या डॉक्टरांना फोन, आणि ते पोहोचेपर्यंत त्यांच्या नावानं शिव्या. स्वतःच्या दुखण्याला मात्र त्यांचं एकच निदान होतं, उष्णता. डोकं दुखलं, उष्णता. पाय सुजला, उष्णता.

यंदा उन्हाळ्यात त्या पेल्यावर पेले सब्जाचं पाणी पिऊ लागल्या आणि देवघरात जायच्या बंद झाल्या. "गुडघं धरल्यात गं ज्योती, पूजा तूच कर." गुडघे धरलेली ही बाई दिवसभर वैरणीचे भारे उचलत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले. आज त्याची लाज वाटते.

एका सकाळी गुरांचे डॉक्टर कानिफनाथ गाईला इंजेक्शन द्यायला आले. मी पलीकडे शेण भरत होते. सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"डॉक्टर, आमच्या पाव्हण्यांची एक गाय हाय. म्हातारी. भाकड हून आठ वर्सं झाली. आन् आता मदीच रगत जातंय."

"किती दिवस झाले?"

"दोन म्हयने. लई न्हाई, थोडंथोडं. उष्णताच आसंल."

"खाते काय?"

"भाकर, कालवण. दोन टायमाला च्या."

"गाईला चहा?"

"बिनसाखरंचा. शुगर हाय ना तिला."

माझ्या हातातलं घमेलं निसटलं. डॉक्टरांनी हसू दाबलं आणि सुई बाजूला ठेवली.

"मावशी, त्या गाईला सांगा, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी दाखवायचंच. दुखत नसलं तरी. आजच बायकांच्या डॉक्टरकडं न्या तिला."

"ती यायची न्हाई."

"गाय माझी हाय," मी पुढे होत म्हणाले. "मी नेते."

नगरला सोनोग्राफी झाली, पिशवीतला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस सासूबाई कुणावर ओरडल्या नाहीत, गाईंवरसुद्धा नाही. मी जन्मात एवढी घाबरले नव्हते. कॅन्सर निघाला, पण नुकताच सुरू झालेला. पिशवी काढली. "वेळेत आणलंत, सब्जावर वर्ष काढलं असतं तर अवघड होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे तपासणीला जाताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईंनी सहज विचारलं, "नगरला काय काढलं?" सासूबाईंनी कंडक्टरलाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. पाळी, रक्त, पिशवी, काहीच सोडलं नाही. पुढच्या सीटवरचे पुरुष खिडकीबाहेर बघू लागले. मी पदरात तोंड लपवलं. त्या बाई मात्र सासूबाईंच्या आणखी जवळ सरकल्या.

त्यांचं तिकीट घोडेगावचं होतं. घोडेगाव आलं, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत. पदराची गाठ सोडली, पैसे पुढे केले आणि हळूच म्हणाल्या, "नगरचं द्या."