शंकरराव गवंडी आणि पुराची रेघ

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, आमच्या सोसायटीशेजारी, एका गल्लीपलीकडे, नदीला लागून बावीस घरांची वस्ती आहे. त्यातलं सातवं घर शंकररावांचं. काम गवंड्याचं, वय अडुसष्ट. अंबरनाथ-बदलापुरातल्या निम्म्या इमारतींना आपला हात लागला आहे, असं ते सांगतात. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, त्यामुळे ते खरं धरायला हरकत नाही.

पूर ओसरला की लोक आधी घर धुतात. शंकरराव आधी भिंतीवरचा चिखलाचा डाग जिथे संपतो तिथे छिन्नीने रेघ मारतात, शेजारी तारीख कोरतात आणि मग बायकोला झाडू देतात. भिमाबाई घराला रंग देताना तेवढी हातभर पट्टी कोरी सोडतात. सर्वांत वरची रेघ २०१९ च्या जुलैची, सहा फूट चार इंच. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर तिच्या वर.

आमच्याकडेही तेव्हा पाणी आलं होतं. पार्किंगच्या खांबांवर डाग राहिले होते. फ्लॅट बघायला येणारी माणसं डागापाशी थांबून परत जायची. म्हणून चेअरमन अल्पेशभाईंनी ठराव मांडला, कॉलेजात कॉमर्स शिकवणाऱ्या मी सेक्रेटरी या नात्याने तो लिहिला आणि खांबांना क्रीम रंगाचे दोन हात दिले. काम चांगलं झालं.

गेल्या वर्षी पाहणी पथक आलं. नदीला पसरायची जागा परत द्यायची, म्हणजे सगळ्याच वस्त्यांचा पूर थोडाथोडा कमी होईल, अशी योजना होती. पथकाच्या मॅडमनी गल्लीच्या दोन्ही बाजूंना पुराच्या खुणा शोधल्या. वस्तीत त्या तारखेसकट सापडल्या. आमच्याकडे क्रीम रंग सापडला. महिन्याभराने यादी लागली. वस्तीतली बावीसही घरं उठवून लांब बारवी धरणाच्या रस्त्याला खोल्या द्यायच्या होत्या. आमच्या सोसायटीचं यादीत नाव नव्हतं.

भिमाबाई शिवणकाम करतात आणि त्यांची सगळी गिऱ्हाइकं आमच्या इमारतीतली. त्या दारातच म्हणाल्या, "लिहा अजून भिंतीवर! साऱ्या नदीचं पाणी काय आपल्याच घरात आलं होतं?"

"बाकीच्यांचं मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं," शंकरराव म्हणाले.

हरकती ऐकायला मॅडम पुन्हा आल्या तेव्हा शंकररावांनी अर्ज आणला नाही. लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर उभं राहतं. गवंडी जोतं पातळीत धरतात ते याच नळीने. एक टोक भिमाबाईंनी २०१९ च्या रेघेला धरलं, दुसरं शंकररावांनी गल्लीतल्या लाइटच्या खांबाला. तिथे खूण करून पुढचा टप्पा आमच्या पार्किंगपर्यंत.

"ओ काका, क्या कर रहे हो? नवीन कलर आहे!" अल्पेशभाई ओरडले.

"पेन्सिल आहे, शेठ. निघते."

खूण जमिनीपासून चार फूट एक इंचावर आली.

"तिकडे सहा-चार, इकडे चार-एक," मॅडम म्हणाल्या. "मधले सव्वादोन फूट कुठे गेले?"

"तो भराव. इथं भाताची खाचरं होती. पावसात नदी इथं येऊन बसायची. डबर टाकून ही जागा उचलली. पसरायला मीच होतो, मजुरीवर. आता नदी आमच्याकडे बसते."

"चार फूट पाणी आलं असतं तर आम्हाला दिसलं नसतं का?" अल्पेशभाईंनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरी साहेब, पाणी आलं होतं का?"

मी म्हणालो, आलं होतं. माझी स्कूटर त्यात गेली. रंगाच्या ठरावाची तारीखही सांगितली.

"अरे सर, तुम्ही कॉमर्सवाले! थोडा तो राउंड ऑफ करो!"

"चार फूट लिहू का?" मी विचारलं. पंचनाम्यात चार फूट एक इंच लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली. त्यानंतर दोन महिने लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही.

नवी यादी लागली. आमची मागची बाग आणि नदीकडच्या बारा गाड्यांची जागा खोदून पूर्वीच्या पातळीला न्यायची. वस्तीतली अगदी पाण्याला टेकलेली चार घरं हलवायची, तीही हेंद्रेपाड्यातच. सातवं घर जागेवर राहणार होतं.

या मे महिन्यात खोदकाम सुरू झालं. ठेकेदाराने दीड फूट खोदून मशीन थांबवलं आणि काम झालं म्हणून सांगितलं. शंकरराव खड्ड्यात उतरले, टेप लावली आणि म्हणाले, "अजून नऊ इंच."

"बाबा, नऊ इंचांनी काय होतंय?"

"माझा पलंग भिजतो."

ते खड्ड्यातून वर आले नाहीत. काठावरच्या दगडाला टेकून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. ठेकेदाराने दहा मिनिटं वाट पाहिली आणि उरलेल्या नऊ इंचांसाठी ड्रायव्हरला मशीन सुरू करायला सांगितलं.