तीन डब्यांतल्या पुंगळ्या

पलटणीतून हवालदार होऊन हंबीरराव उंब्रजला परतले, तरी बंदुकीचं काम काही सुटलं नाही. शेजारच्या गावचे बागायतदार लालासाहेब नेमबाजीच्या स्पर्धांना जात. चांगली काडतुसं मिळणं मुश्कील झालेलं. म्हणून उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपायच्या आणि त्यांत पुन्हा ठिणगी देणारी टोपी, दारू, गोळी बसवायची. भरण्याचं काम लालासाहेब स्वतः करत; पुंगळ्या निवडून देण्याचं हंबीररावांकडे होतं.

एकदाच उडालेल्या पुंगळ्या एका डब्यात, तीन-चारदा उडालेल्या दुसऱ्यात आणि थकलेल्या तिसऱ्यात, अशी त्यांची रीत. दर वेळी बार उडाला की पितळ ताणलं जातं, आतून झिजतं, वरून काही कळत नाही. असली पुंगळी बंदुकीतच फाटली, तर आग नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येते. तिसरा डबा मोडीत घालायचा होता, तेवढं राहून गेलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते कराडहून घरी आले, तर अंगणात सुपात पुंगळ्या वाळत होत्या. सोन्यासारख्या. त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, पूजेच्या समया, ताम्हण चिंचेनं घासता घासता तिन्ही डबे एकाच घमेल्यात पालथे केले होते.

"हत्यारं पुजायची, आन् त्येंचं पितळ काळं ठेवायचं व्हय?"

हंबीरराव सुपाशी मटकन बसले. "अगं, न्यारं न्यारं ठेवल्यालं त्ये!"

"मग सांगायचं न्हाई? पलटणीत मुक्यानंच हुकूम सोडत हुतासा?"

हंबीररावांनी वाकडी तार एकेका पुंगळीत फिरवली. बुडाशी खाच लागली की पुंगळी बाजूला. पण खाच पडण्याआधीच थकलेलं पितळ तारेला काही सांगत नाही.

लालासाहेब आले आणि सूप बघून खूश झाले. "लय झ्याक केल्यात, हवालदार!"

"साहेब, समद्याच मोडीत घाला. थकल्याली कुठली, आता मला सांगता यायचं न्हाई."

"आवं, रविवारी सांगलीला स्पर्धा. नव्या काय उसाला लागत्यात? तार फिरवली न्हवं?"

"फिरवली, पर—"

"मग झालं की!"

सांगलीच्या मैदानावर लालासाहेब पालथे पडून नेम धरत होते. हंबीरराव मागे उभे. प्रत्येक बारानंतर बाहेर उडालेली पुंगळी ते नजरेनं टिपत. एक पुंगळी पायाशी आली. त्यांनी ती उचलली, नख फिरवलं. बुडाच्या वर केसाएवढी चीर होती.

"साहेब, थांबा!"

लालासाहेबांच्या कानांत कापसाचे बोळे होते. पुढचं काडतूस आत गेलं होतं, बंदुकीचा बोल्ट बंद झाला होता. भरल्या बंदुकीवरच्या माणसाला हात लावायचा नाही. दचकला की गोळी कुठंही जाते. पलटणीत नव्या पोरांना हे हंबीररावांनीच घोकून घेतलं होतं. पुढे झालेला हात त्यांनी मागे घेतला. मुठीतली पुंगळी अजून गरम होती. लालासाहेबांचं बोट चापावर गेलेलं त्यांना दिसत होतं.